अनुदान समितीचा एकमेव सदस्य

ती. वहिनी यांना,

वाकून नमस्कार. (खरं तर खुर्चीत बसूनच केला आहे. कंबर सध्या वाकायला तयार नाही, पण मन वाकलेलं आहे असं समजून गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा काय म्हणतो? जिने चढू नका असं डॉक्टरांनी बजावल्यापासून तुम्ही दिवसातून दोनदा गच्चीवर जाता, अशी बातमी तुमच्या धाकट्या चिरंजीवांकडून आली आहे. माझी तब्येत चांगली आहे. रक्तदाब आहे, पण तो आता घरचाच झाला आहे.

कळवण्यास आनंद होतो की तुमच्या दिराला बढती मिळाली. कम्युनिटी कॉलेजात मी इतकी वर्षं नळजोडणी शिकवतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. (दिवसा नोकरी करणारी माणसं संध्याकाळी येऊन हातातली कला शिकतात, ते कॉलेज. दादा त्याला शेवटपर्यंत ‘तुझी शिकवणी’ म्हणत होता.) यंदा कॉलेजाची तिजोरी आटली, तेव्हा बाहेरच्या संस्थांकडून अनुदान मिळवण्यासाठी एक समिती नेमायचं ठरलं. प्राचार्य बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. कुणाची मुलगी दहावीला, कुणाची सासू आजारी. मग माझ्याकडे पाहून अगदी मायेने म्हणाल्या, “सर, तुम्हाला तरी घरी जाऊन काय करायचंय?” मी चष्मा पुसायला काढला, आणि तेवढ्यात मी अध्यक्ष झालो. सदस्यही मीच आणि सचिवही मीच. त्यामुळे ठराव एकमताने मंजूर होतात. कार्यालय म्हणून जिन्याखालची अडगळीची खोली मिळाली आहे. तिथे मोडके प्रोजेक्टर, एक चाक नसलेला फळा आणि एका कवायत शिक्षकांचा विसरलेला बूट आहे. एकच बूट आहे, त्यामुळे ते गेले कसे हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

अनुदान मागायचं तर आधी प्रकल्प हवा. तो मला आमच्या इमारतीतच सापडला. माझ्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त टंकलेखिका बाई राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ सारखा गळायचा. मी जायचो, वायसर बदलायचो, चहा घ्यायचो, परत यायचो. पुन्हा काही दिवसांनी बोलावणं. माझ्या हातचं काम इतकं कच्चं असूच शकत नाही, म्हणून एकदा नीट बघितलं, तर नळाच्या डोक्यावर पान्याच्या ताज्या खुणा. आणि मी पोचायच्या आधीच ओट्यावर दोन कप मांडलेले. वायसर चांगला होता, तरी बदलला. (चहाही चांगला होता.) पण घरी आल्यावर वाटलं, अशी माणसं या गावात किती असतील? सगळ्यांच्या घरी जायला मी एकटा कुठे पुरणार? त्यापेक्षा त्यांनाच एकत्र आणावं. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळचा वर्ग काढला, ‘एकट्याने राहणाऱ्यांसाठी घरगुती दुरुस्ती’. फी नाही. पण पान्यांचे संच, सरावाचे नळ आणि वीजबिल यांसाठी अनुदान हवं.

अर्ज लिहिणं हे नळजोडणीच्या अगदी उलट काम आहे, वहिनी. नळात सांधा कुठे आहे ते कळावं लागतं, अर्जात ते कळू द्यायचं नसतं. ‘समाजाची नेमकी गरज कोणती?’ या प्रश्नापुढे मी लिहिलं, नळ गळतात. अर्ज परत आला. आमच्या हिशेबनिसांनी तो वाचून कपाळाला हात लावला आणि त्यात ‘सक्षमीकरण’, ‘नवोपक्रम’, ‘शाश्वत जलव्यवस्थापन’ असे शब्द घातले. नंतर मीच तो वाचला तेव्हा हा कोण थोर माणूस आहे, याला भेटायला हवं, असं वाटलं. संस्थेलाही तसंच वाटलं असावं, कारण वर्ग बघायला त्यांचे दोन अधिकारी येत असल्याचं पत्र आलं.

मी आधीच्या दोन गुरुवारी वर्गाला पढवलं. कुणी विचारलं तर सांगायचं, दुरुस्तीचा खर्च वाचतो, आत्मविश्वास वाढतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाहणीच्या दिवशी टंकलेखिका बाई इस्त्रीची साडी नेसून पहिल्या बाकावर बसल्या. त्यांच्या शेजारी, म्हणजे बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला, वर्गातलेच एक बस ड्रायव्हर काका. आलेल्या दोघांपैकी अधिकारी बाई मोठ्या गोड होत्या. त्यांनी काकांनाच पहिलं विचारलं, “इथे येऊन तुम्ही काय शिकलात?”

काका सत्यवचनी माणूस. म्हणाले, “शिकायचं काय त्यात? घरातले सगळे नळ मीच बसवलेत.”

“मग येता कशाला?”

“गुरुवार असतो म्हणून.”

मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. पुढे एकेकाची कबुली निघत गेली. कुणाला फ्यूज बांधता येत होता, कुणाचा भाऊच गवंडी. टंकलेखिका बाई शांतपणे म्हणाल्या, “मला नळ उघडता येतो आणि बंदही करता येतो. तुम्ही सरांना पैसे द्या, ते फार चांगलं समजावून सांगतात.” शेवटी अधिकारी बाईंनी मला विचारलं, “सर, तुमच्या लक्षात नव्हतं आलं का?” मी म्हणालो, पहिल्याच दिवशी आलं होतं. “मग शिकवत का राहिलात?” हाच प्रश्न अर्जात नव्हता, त्यामुळे हिशेबनिसांनी उत्तर लिहून दिलं नव्हतं. मी म्हणालो, मलाही गुरुवार असतो.

अर्ज नामंजूर झाला. कारण असं दिलं की ‘लाभार्थ्यांना संबंधित कौशल्य अगोदरच अवगत आहे.’ त्यात खोटं काहीच नाही. अनुदान नाही म्हणजे वर्गखोली नाही, दिवा नाही. त्या गुरुवारी मी वर्ग बंद झाल्याचं सांगायला दारात उभा राहिलो, आणि वहिनी, एकच वाक्य तीनदा सांगितलं. प्राचार्य बाई मागे उभ्या होत्या हे मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, “वर्गाला खोली देता येत नाही, पण अनुदान समितीला आहे. समिती वाढवायला कुणाची हरकत आहे का?” अध्यक्ष या नात्याने मी हरकत नसल्याचं सांगितलं. आता जिन्याखाली खुर्च्या पुरत नाहीत. काका प्रोजेक्टरवर बसतात.

बाकी सर्व क्षेम. मुलांना आशीर्वाद.

आपला दीर

ता. क. समिती नव्या अर्जावर काम करते आहे. पण अनुदान मिळालं की समितीचं काम संपतं, हे टंकलेखिका बाईंच्या लक्षात आल्यापासून टंकलेखन फार सावकाश चाललं आहे. मीही घाई करत नाही.

आणखी एक. गुरुवार सोडून बाकीचे दिवस कसे जातात, हे तुम्ही विचारणार नाही, कारण आपण दोघं एकमेकांना असं काही विचारत नाही. दादा असताना फोन तोच उचलायचा. तुम्ही मागून सांगायचात, तो मला सांगायचा, आणि माझं उत्तर स्वतःची भर घालून तुम्हाला पोचवायचा. तीस वर्षं आपण असंच बोललो. तो गेल्यापासून मी दोनदा नंबर फिरवला आणि तुम्ही ‘हॅलो’ म्हणालात तसा ठेवून दिला. ते रॉंग नंबर नव्हते, मी होतो. काय बोलावं ते सुचलं नाही. येत्या रविवारी संध्याकाळी पुन्हा करीन म्हणतो. तुम्हालाही काही सुचलं नाही तर गुडघ्याबद्दल सांगा, मी ऐकेन. फक्त फोन उचलल्यावर ‘हॅलो’ऐवजी ‘बोला भावजी’ म्हणा, म्हणजे मला ठेवता येणार नाही.