मुंडक्याचं गाणं आणि उद्याचा कौल

साखळी, शनिवार, २० मे १९९५

उद्या देवळात माझ्यावर कौल लावणार. मूर्तीला फुलं चिकटवतील. डावं आधी पडलं की मी खोटा.

काल दिवेलागणीला आमच्या केबलवर ते विलायती गाणं लागलं. बकऱ्याचं कापलेलं मुंडकं यंत्राच्या चाकावर गरगर फिरतंय, आणि घराघरांत बायकामुलं बघतायत. डिशवर चॅनल लावायच्या कामाला मीच होतो. चॅनल चुकून लागला, हे खरं.

"मागीर बदललें ना कित्याक रे? हात कोणे बांदिल्ले?" मग चॅनल बदलला का नाहीस, असं केबलवाल्या शेटनं आज देवळाच्या महाजनांसमोर विचारलं.

"बटण अडकलेलं," मी म्हणालो. का म्हणालो असं? आता देवाला नेमकं तेच विचारणार.

अडकलो मी होतो. ते मुंडकं नको वाटत होतं, तरी नजर हलेना. वाजत होतं ते थेट खाणीवरच्या क्रशरसारखं, आणि त्यावर एक माणूस जिवाच्या आकांतानं ओरडत होता. बाबांचे कान त्या क्रशरनं गेले, पण ते कधी ओरडले नाहीत. त्या आवाजावर ओरडणारं कुणी मी पहिल्यांदाच ऐकलं.

आत्ता बाबांनी त्यांचं खाणीवरचं जुनं हेल्मेट पुसून माझ्यापुढे ठेवलं.

"फूल खंयूय पडूं," म्हणाले, म्हणजे डावं पडो की उजवं. "सोमारा खाणीर चल. मुकादमाक सांगलां हांवें."