सांडशी धरायला माणूस पाहिजे

रविवार, संध्याकाळ

भट्टी पेटली. खरंच पेटली! रंगाच्या जुन्या डब्यात आग सहन करणारी पांढरी लोकर भरून मी बनवलेली ना, तीच. गॅस सोडला, घर्रर्र आवाज झाला आणि टेम्पोच्या स्प्रिंगचा तुटका पाटा आत एकदम लालबुंद.

पण जाड पाटा एकट्याला जमत नाही. एकाने सांडशीत धरायचा, दुसऱ्याने घण घालायचा. म्हणून डोंबिवलीच्या पक्याला फोन केला.

"ये ना आमच्या मोहने गावात. सांडशी धरायला माणूस पाहिजे."

"मागच्या टायमाला साप दिसला म्हणून बोलावलेलंस. रबरचा होता. चल हट!"

फोटो पाठवला, तर बोलला एआयने बनवलायस.

तोपर्यंत पाटा काळा पडला. परत तापवला, परत लाल. काय भारी दिसत होता यार, आणि बघायला मी एकटाच.

मग आई मासे विकून आली. डोक्यावरची पाटी न उतरवताच लांब उभी राहिली.

"आधी सांग, फुटनार काय ह्यो डबा?"

"नाय गं. तुझा मासे कापायचा कोयता झिजलाय ना, नवीन बनवतोय. जरा सांडशी धर."

ती हसली. "आजची गंमत बरी हाय तुजी," बोलली आणि आत गेली.

एवढं खरं मी कधीच बोललो नव्हतो. मग खोटं का वाटलं? माझं तोंडच तसलं झालंय की काय?

गॅस बंद केला. पाटा काळा होईपर्यंत सांडशीत धरून बसलो. तेवढं एकट्याला जमतं.