D'Cunha यांची एकोणचाळिशी

२ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: मार्चच्या आत टीम लीड. पै सर म्हणाले, फिलोमिनाबाईंच्या लविनाच्या लग्नाची वेबसाइट नीट पार पाड, मग बघू. पडणारच. आडनाव D'Cunha. मधली अपॉस्ट्रॉफी ब्राउझरला कोडची खूण वाटू नये म्हणून तिला सांकेतिक रूप द्यायचं, म्हणजे एस्केप करायचं. टेम्प्लेट (पानाचा तयार साचा) ते आपणहून करतं. मीही केलं, नाव डेटाबेसमध्ये भरतानाच. हाताखालची रक्षिता (वय तेवीस, शंका अमाप) म्हणाली, उमेशअण्णा, दोनदा होतंय. म्हटलं, दोन कुलपं बरी.
लग्नाचा केकही माझ्यातर्फे, सरप्राइज. स्पेलिंग चुकायला नको म्हणून नाव थेट डेटाबेसमधून कॉपी करून बेकरीला धाडलं. याला म्हणतात डोकं.

३ जानेवारी, सकाळी ९
फिलोमिनाबाईंचा फोन. साइटवर नाव दिसतंय D'Cunha. पुता, माझी लविना अठ्ठावीसची, तू जगाला एकोणचाळीस सांगतोस होय, म्हणाल्या. नवऱ्या मुलाच्या आत्याने बाप्तिस्म्याचा दाखला मागितलाय. मी म्हटलं, आत्यांचा फोन जुना असेल. म्हणाल्या, फोन नवा आहे, आत्या जुनी आहे.

४ जानेवारी
उपाय सापडला. दोन्ही कुलपं काढून टाकली. नाव लख्ख. रक्षिता म्हणे, आता शुभेच्छांच्या पानावर पाहुणे काहीही लिहितील आणि ते कोड म्हणून चालेल. म्हटलं, चर्चला जाणारी माणसं आहेत. नको तिथे घाबरते पोरगी.

६ जानेवारी
नवऱ्याच्या कुणा मित्राने शुभेच्छांत <marquee> हा अक्षरं पळवणारा कोड लिहिला. त्याखालचं सगळं पान उजवीकडून डावीकडे पळत सुटलं. रोसची, म्हणजे लग्नाआधी नारळाचा रस लावायच्या विधीची, वेळसुद्धा. लविनाचे आजोबा ती बोटाने पकडत बसले, मान आखडली. रक्षिताने वीस मिनिटांत निस्तरलं: एस्केप एकदाच, तेही दाखवताना. डेटाबेसमधलं नावही तिने साफ केलं. मार्गदर्शन माझं. मी खुर्चीमागे उभा होतो.

७ जानेवारी
पै सरांनी रक्षिताला लीड केलं. लागलं मनाला, खोटं कशाला लिहू. पण लीड झालं की केस जातात, आणि माझे मोजकेच उरलेत. असो. केक आहे ना. उद्या सगळ्यांच्या तोंडी माझंच नाव.

८ जानेवारी, लग्न
होतं. केकवर पांढऱ्या क्रीमने, वळणदार अक्षरांत: D'Cunha. आत्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. सगळा हॉल हसला, लविना सगळ्यांत जास्त. फिलोमिनाबाईंनी सुरी घेतली, बरोबर ३९ चा तुकडा कापला आणि माझ्या ताटलीत ठेवला. खा पुता, म्हणाल्या, पुरावा उरायला नको.
खाल्ला.