लोखंड न ऐकणारं यंत्र

वेरालिगी, ग्वाडलकनाल
४ मे १९९२

ती. डोमीताईस,
धाकट्या लिनसचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. आईचा गुडघा दुखतो आणि तोंड चालतं, म्हणजे ती बरी आहे. तुझ्या ऑस्ट्रेलियात, केर्न्सला थंडी पडली का? पडली तरी कुरकुरू नकोस, स्वतःच्या पायाने गेलीस.

कामाचं लिहितो. ऑगस्टमध्ये आपल्या बेटावरच्या महायुद्धातल्या लढाईला पन्नास वर्षं होतात. अमेरिकन आणि जपानी म्हातारे येणार, त्यांची नातवंडं येणार. मी रस्त्यालगत पानांनी शाकारलेली शेड उभी केली आहे. हेल्मेटं, बाटल्या, विमानाचं एक पातं असं मांडलंय. पण बघणाऱ्याला हवं असतं नाव. शिपायाच्या गळ्यातला बिल्ला, बोटातली अंगठी! ते सगळं आपल्याच बागेच्या मातीत आहे, पण कुदळीने कधी सापडायचं? तेव्हा तिकडून धातू शोधायचं एक यंत्र घेऊन पाठव. एवढंच बघ, इथे मूठभर माती उचलली तरी बॉम्बच्या कपच्या, खिळे, काटेरी तार निघते. सगळ्यालाच ओरडणारं आणलंस तर मी बहिरा होईन.

आई नको म्हणते. ईस्टरला पलीकडच्या खोऱ्यात जेवणासाठी जमिनीतली भट्टी पेटवली आणि खालून जुना बॉम्ब फुटला, दोन बायका गेल्या. तेव्हापासून तिने धसकाच घेतलाय. मी सांगितलं, यंत्र आलं की आपल्या भट्टीची जागाही आधी तपासून देतो. तेव्हा कुठे गप्प बसली.

कळावे. चिडलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा लिनस

*

केर्न्स
२६ मे १९९२

चि. लिनस यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून काळजात धस्स झालं. लहानपणी आपण ज्या लोखंडी अननसाशी चेंडू म्हणून खेळलो, तो हातबॉम्ब आईने श्वास रोखून समुद्रात नेऊन टाकला होता, आठवतंय ना? पण तू ऐकणारा नाहीस. नाही म्हटलं तर कुदळ घेऊन उतरशील, त्यापेक्षा यंत्र बरं, असं मनाला समजावलं.

दुकानदार म्हणजे सोनं शोधत आयुष्य घालवलेला म्हातारा, बोलका. त्याने पहिलं दाखवलं ते सोन्याचं. तांदळाच्या कणीएवढं सोनं ऐकतं, पण खिळ्यालाही तसंच केकाटतं. ते बाजूला ठेवलं. दुसरं होतं दोघांनी मिळून धरायचं, मोठ्या चौकटीचं. खोलवरचं मोठं काही असेल तरच बोलतं, बिल्ला-बक्कल त्याच्या खिजगणतीत नाही. मग ते घेऊन तू काय करणार? तिसरं मात्र तुझ्यासाठीच केल्यासारखं. त्याला एक बटण आहे. ते उजवीकडे पूर्ण फिरवलं की लोखंड मुकं होतं, पितळ, चांदी, अॅल्युमिनियम तेवढं वाजतं. जुन्या लढायांच्या वस्तू शोधणारे हेच नेतात म्हणे. तेच घेतलं. तिकडे यायला निघालेल्या फादर सिरिल यांच्या हाती पाठवते आहे.

बटण उजवीकडेच ठेव. आणि कोपरभर खोलीच्या खाली खणायचं नाही, आईची शपथ आहे. मला इथे झोप लागत नाही रे.

जपून राहा, आणि ताईचा राग आला तरी पत्र पाठवत जा.
तुझी डोमी

*

वेरालिगी
३० जून १९९२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी निवड अगदी अचूक निघाली! पहिल्याच दिवशी चमचा, मग बक्कल, मग चक्क एक बिल्ला निघाला. नाव स्वच्छ वाचता येतं. अग्नेसने तो नारळाच्या काथ्याने घासून लख्ख केला आणि नंतर रडत बसली. ही माझी बायको अशीच, अनोळखी माणसासाठीही रडते.

आईला दिलेला शब्द पाळला. फणसाच्या झाडापाशी मोकळी जागा आहे ना, तिथे सात ऑगस्टच्या जेवणाची मोठी भट्टी खणायची ठरलंय. सगळी जागा दोनदा चालून काढली. यंत्राने हूं की चूं केलं नाही! बटण अर्थातच उजवीकडे, तू सांगितलं तसं. आई मागून काठी टेकत आली, कान लावून ऐकलं आणि म्हणाली की बरं बाबा, आता डुकरं ठरवा.

सगळं गाव जेवायला आहे. तू नाहीस तेवढीच खंत. आशीर्वाद असू दे.
तुझा लिनस

*

केर्न्स
३ ऑगस्ट १९९२

लिनस, अरे लिनस,

तुझं पत्र आज मिळालं. पोस्टाच्या पायरीवर उभ्या उभ्या वाचलं आणि तशीच फोनकडे धावले. अरे वेड्या, बॉम्ब कशाचा असतो? लोखंडाचाच ना! ते बटण लोखंडाला मुकं करतं. जागा स्वच्छ आहे म्हणून यंत्र गप्प नव्हतं, मी त्याला गप्प बसवणारंच निवडलं म्हणून गप्प होतं. खोलवरचं मोठं ऐकणारं माझ्या समोर ठेवलं होतं रे, आणि मी ते नको म्हणाले.

हे पत्र सात तारखेच्या आत पोचणार नाही, मला कळतंय. म्हणून राजधानीत, होनियाराच्या रेडिओ केंद्रावर फोन केला. संध्याकाळी घरोघरचे निरोप वाचतात त्यात रोज सांगा म्हटलं, की वेरालिगीच्या लिनसने भट्टी पेटवू नये, यंत्र लोखंड ऐकत नाही. तिथली मुलगी म्हणाली, वाचू. पण ऐकणार कोण? जेवणाच्या गडबडीत तुम्ही सगळे नाचाची तालीम करत असाल, रेडिओ कोण लावतंय!

मी भीतीने मेले आहे. हातांना काही काम हवं म्हणून लिहिते आहे. देवा, कुणीतरी ऐका.
डोमी

*

वेरालिगी
१० ऑगस्ट १९९२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच. सगळे जिवंत आहेत.

आमच्यापैकी कुणीही रेडिओ ऐकला नाही. ऐकला नदीपलीकडे मामाने. नदीला पूर, म्हणून तो अडकला. सात तारखेच्या सकाळी पाणी उतरताच छातीभर पाण्यातून आला. तोवर भट्टी पेटली होती, दगड लाल झाले होते, बायका पानांच्या पुड्या बांधत होत्या. मामा ओरडला की डोमीचा निरोप आहे, सगळे किनाऱ्यावर पळा. मी त्याच्याशी भांडलो, ताई. म्हटलं, इथे यंत्र गप्प होतं, मी स्वतः चाललोय, पाहुण्यांपुढे अब्रू घालवू नका. पण आपल्याकडे जमीन आईकडून येते, तिच्या बाबतीत मामाचा शब्द कोण मोडणार? सगळे कुरकुरत निघाले.

किनाऱ्यावर बराच वेळ काही झालं नाही. लोक माझी थट्टा करू लागले, की ऑस्ट्रेलियातली बहीण फार शहाणी, आता डुकरांचा कोळसा होणार. मी चिडून परत निघालो. आई वाटेतच फतकल मारून बसली. म्हणाली की जायचं तर मला तुडवून जा. मी तिला उचलायला वाकलो आणि मागे जमीन फुटली.

फणसाचं झाड राहिलं नाही. तापलेले दगड समुद्रात पडून चर्र करत होते. आईने माझा सदरा धरला होता, तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

पोलिसांचे बॉम्बवाले येऊन गेले. म्हणाले अजून असतील, पण आधी शाळांच्या जागा, मग तुमचा नंबर. काल मी बटण डावीकडे फिरवलं. ताई, ते थांबतच नाही. बागेत, अंगणात, चर्चच्या पायरीशी ओरडतं. कपची कुठली आणि बॉम्ब कुठला ते त्याला सांगता येत नाही. सगळ्यात मोठ्याने ओरडलं ते आईच्या चुलीशी. आणि हे लिहितोय तेव्हा ती चूल फुंकते आहे. मी आता उठतो.

लिनस

*

वेरालिगी
२ सप्टेंबर १९९२

चि. डोमीस,
आईचे अनेक आशीर्वाद. सांगते मी, लिहिते अग्नेस.

लिनसने माझ्या चुलीवर घागरभर पाणी ओतलं. मी त्याला चिमट्याने मारलं, मग आम्ही दोघं रडलो. आता किनाऱ्यावर, भरती येते त्या वाळूत रताळी उकडते. वाऱ्याने धूर डोळ्यात जातो. अग्नेसच्या धाकट्याला ओट्यावरून खाली उतरू देत नाही, तो दिवसभर भोकाड पसरतो.

तू स्वतःला दोष देतेस असं लिनस म्हणतो. देऊ नकोस. तुझा निरोप आला म्हणून गाव उरलं. त्या दुकानदारालाही शिव्या देऊ नकोस, त्याला आपली माती काय ठाऊक!

ही जमीन माझ्या आईने मला दिली, मी तुला देणार. तुला पाठीशी बांधून मी इथे रताळी लावली, अंधारातही पाय चुकला नाही कधी. आता बागेच्या कडेला उभी राहते आणि पाय उचलत नाही. मला भीती वाटते गं. या वयात, स्वतःच्या अंगणात.

ते यंत्र समुद्रात फेक, असं लिनसला रोज सकाळी सांगते. आणि रोज सकाळी तो ते घेऊन पुढे झाला की त्याच्या पावलावर पाऊल ठेवून बागेत जाते. ते ओरडलं की आम्ही वळसा घालतो. आता ते बंद पडलंय. परवापासून कुणी बागेत गेलेलं नाही, रताळी मातीत सडत असतील.

बॅटऱ्या पाठव. पुष्कळ पाठव.

माया आहे ती असू दे.
तुझी आई