त्या पानावर रोज कोण येतं

रविवार, ९ मार्च

छोट्या,

कसा आहेस? आम्ही दोघं ठीक. बाबांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण दुकानात ते वेळेवर हजर. शिलाई मशीन दुरुस्तीला बऱ्यापैकी येतात. तू भांडून गेलास तेव्हापासून बाबांच्या तोंडून तुझं नाव निघत नाही. मीही काढत नाही.

तू दुकानाची वेबसाइट करून दिलीस, पण ती बघायला कोण येतं, कुठल्या पानावर किती वेळ थांबतं, हे कसं पाहायचं ते शिकवायचं राहिलं. शेवटी तुझ्या कपाटातलं त्यावरचं जाडजूड पुस्तक काढलं. हसू नकोस. पहिल्याच प्रकरणात मला झोप लागली. आल्या पावली परत जाणाऱ्यांचाही त्यात वेगळा हिशेब असतो म्हणे. आपल्याकडे बाबांचा चेहरा बघून गिऱ्हाईक जातं, तसे.

मग एक गंमत दिसली. ‘आमची माणसं’ या पानावर, जिथे आपल्या तिघांचा फोटो आहे, रोज दुपारी कुणीतरी यायचं. दुसरं काही उघडायचं नाही, तिथेच बराच वेळ थांबायचं. मी ठरवूनच टाकलं, हा तूच. येणारा कुठल्या गावाहून येतो ते कसं बघायचं, हे पुढच्या प्रकरणात होतं. मी ते उघडलंच नाही. जेवून दुकानात परत आले की आधी बघायचे, आलास का. आलेला असायचास. फार बरं वाटायचं रे.

मागच्या आठवड्यात वाचलं, आपल्याच माणसांच्या भेटी मोजणीतून वगळायच्या असतात. दुकानातला कॉम्प्युटर वगळला, आणि तू येईनासा झालास.

काल जेवायला गेले ती अर्ध्या वाटेतून परतले. बाबा कॉम्प्युटरपुढे बसले होते. फोटो इतका मोठा केला होता की पडद्यावर फक्त तू उरला होतास. मला बघून दचकले. मी मोजणीचं सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

“मला मोजणीतून काढलंस ते असू दे,” म्हणाले, “फोटो तेवढा काढू नकोस.”

तुला हे कळवायचं नाही असं त्यांनी बजावलंय. म्हणून तर कळवते आहे.

आता त्या पानापुढे शून्य असतं. बाबा अजूनही रोज बसतात, पण ते मोजले जात नाहीत. तिथे कधी एक उमटला, तर तो दुकानातला नसेल, एवढं मला नक्की कळेल. घरी ये म्हणायची माझी हिंमत नाही. ते पान एकदा उघड.

शून्याकडे बघत बसलेली,
तुझी ताई