पैलकिनारी

३ फेब्रुवारी

चि. भाचीबाईसाहेबांस,
अ. उ. आ.

आज सकाळी खिडकीशी बसलो होतो आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा एक आवाज न सांगता कानात शिरला. चाळीस लाकडी पट्ट्या एकदम बाकांवर पडायच्या, टक्, आणि पाठोपाठ चाळीस गळे सुरू व्हायचे. तू आज ज्या सहावीच्या वर्गाला भाषा शिकवतेस, त्याच वर्गातली ही हजेरी. मी नावं पुकारत नसे. प्रत्येक पोरावर एकेक ओळ रचली होती, सगळ्या मिळून एक लांबलचक कवन. ज्याची ओळ येई तो उभा राही, बाकीचे पट्टीवर ठेका धरत. शाळेसमोरचा सायकलवाला पंक्चर काढायचं सोडून ऐकत बसायचा. कवितेची गोडी अशी लागते, बाई. हल्ली पोरं कविता समजून घेतात म्हणे. समजून घेऊन काय करतात, देव जाणे.

तुझं पत्र वाचलं आणि तोंड कडू झालं. नदीपलीकडून आलेल्या फरशीवाल्याच्या मुलीला वर्ग चिडवतो, ती आठ दिवस शाळेत येत नाही, आणि तुमचे हेडमास्तर 'सौहार्द समिती' नेमून तीन प्रतींत फॉर्म भरतात! 'घटनेचं स्वरूप: किरकोळ, मध्यम, इतर.' इतर म्हणजे काय गं? पोरीनं जीव दिला तर ते इतर का?

हा गृहस्थ माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचा. माझं बोट वळेल तिकडे मान हलवायचा. मान अजून हलतेय, फक्त आता वरून परिपत्रक आलं की हलते. त्याच्या डोक्यात त्या वेळीही हवा होती, पण तेव्हा खिडक्या तरी उघड्या होत्या.

पोरीला नेमकं काय म्हणतात ते तू लिहिलं नाहीस. लाजू नकोस, कळव. असलं घाणेरडं बोलायला पोरांना कोण शिकवतं ते मला पाहायचंय.

गुडघा ठीक आहे. म्हाताऱ्याला विसरू नकोस, एवढं मागणं.

तुझा मामा


११ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं. हवा आणि खिडक्यांवर इतकी मोठ्यानं हसले की गणिताच्या सरांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यानंतर मात्र हसू आलेलं नाही.

आधी हेडमास्तरांचे पराक्रम. 'मैत्री सप्ताह' साजरा झाला. सगळ्या वर्गांनी पोस्टरं केली, हातात हात धरलेली गोल गोल माणसं. पहिला नंबर कुणाचा आला असेल? त्या मुलीला सगळ्यात जास्त चिडवणाऱ्या मुलाचा. रंगसंगती उत्तम होती म्हणे. मग मुलीच्या वडिलांना ऑफिसात बोलावलं. ते कामावरून थेट आले, गुडघ्यांवर सिमेंटचे दोन पांढरे गोल. आपल्या पँटनं खुर्ची खराब होईल म्हणून उभेच राहिले आणि हेडमास्तरांनीही बसा म्हटलं नाही. मुलीला सोमवारी पाठवा, प्रार्थनेनंतर स्टेजवर चिडवणाऱ्यांशी हात मिळवायला लावू, फोटो काढू, असं त्यांना सांगितलं. ते नम्रपणे म्हणाले की तिनं कुणाचं काही बिघडवलेलं नाही, तर तिनं हात का पुढे करायचा. यावर हेडमास्तरांनी फॉर्मवर लिहिलं, 'पालकांचा असहकार'.

सलग तीस दिवस गैरहजर राहिलं की नाव पटावरून उतरतं. तिचा तिसावा दिवस पंचवीस तारखेला येतो. त्यानंतर दुसरी शाळा नाही. दुसरी शाळा म्हणजे बापाबरोबर फरशा पुसायला जाणं.

तिच्या घरी जाऊन आले. खोलीत फरशीच्या तुकड्यांची चळत आहे, त्यावर बसून अपूर्णांक सोडवत होती. माझ्याशी बोलली नाही. आई म्हणाली, आताशा घरातही बोलत नाही, पाणी हवं असलं तर पेला दाखवते.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ती तोंड उघडते तेव्हा बाकांवर पट्ट्या पडतात, आणि मुलं म्हणतात:

नदीपलीकडची ही स्वारी, जीभ राहिली पैलकिनारी.

गेल्या महिन्यात शाळेच्या समारंभासाठी हेडमास्तरांनी जुन्या स्मरणिकेतलं एक कवन मुलांकडून पाठ करून घेतलं होतं, ही ओळ त्यातलीच. मी कारवाई करा म्हणून भांडले, तर त्यांनी स्मरणिकाच पुढ्यात ठेवली. हा शाळेचा वारसा आहे, थोर शिक्षकांची रचना आहे, असं म्हणाले. वर तुमचं नाव छापलंय, मामा.

उत्तराची वाट पाहते. आशीर्वाद असू द्यावा.

तुमची भाची


१४ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अ. उ. आ.

तुला एवढं का लागलं ते कळलं नाही. त्या ओळीत कुणाचा द्वेष नाही, नुसती गंमत आहे. प्रत्येकावरच ओळ होती. जाड्यावर होती, काण्यावर होती, तुझ्या हेडमास्तरावर तर दोन होत्या. आमच्या वेळची पोरं मनाला लावून घेत नसत. हसत आणि कामाला लागत. आता कुणी पट्टी आपटली तरी समिती बसते. वारसा म्हणाला त्यात त्याचं काय चुकलं? एवढं एक वाक्य तो आयुष्यात शहाणपणाचं बोलला असेल. चीड त्या वात्रट पोरांवर काढ, कवितेवर नको.

थंडी कमी झाली आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

मामा


१७ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि हेडमास्तरांचं पालकांना दिलेलं लेखी उत्तर शेजारी शेजारी ठेवून वाचलं. 'कुणाचा द्वेष नाही, नुसती गंमत आहे.' दोन्हीकडे हेच वाक्य. तुम्ही त्यांची मान हलते म्हणून हसता. ती तुम्हीच हलवायला शिकवलीत, आणि आता तुमचीही हलायला लागली आहे.

माझ्याकडून होतं ते मी केलं. पट्ट्या गोळा करून कपाटात टाकल्या. वर्गाला सांगितलं की ती ओळ पुन्हा ऐकू आली तर शिकवणं थांबेल आणि जो म्हणेल त्याच्या घरी मी स्वतः जाईन. तिघांच्या घरी गेले. एका आईनं चहा दिला आणि वर सुनावलं की माझा मुलगा पाठांतरात पहिला आलाय, तुम्ही त्याचंच पाठांतर बंद करता. छापील पुस्तक त्यांच्या बाजूनं आहे.

एवढंच विचारते. हसत आणि कामाला लागत, असं तुम्ही लिहिलंत. ज्या मुलावर ही ओळ केली होती, तो कोणत्या कामाला लागला? तुमच्या प्रत्येक विद्यार्थ्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. जाड्या डॉक्टर झाला, काण्या वकील झाला. नदीपलीकडच्याची गोष्ट तुम्ही मला कधीच सांगितली नाहीत.

आठ दिवस उरले आहेत. या वेळी आशीर्वाद नकोत, उत्तर हवं.

भाची


२२ फेब्रुवारी

चि. भाचीस,

आशीर्वाद नकोत म्हणालीस, म्हणून लिहीत नाही.

तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो. आठवत नाही असं लिहिणार होतो. म्हाताऱ्याला ते शोभलं असतं.

त्याची गोष्ट अशी. जूनमध्ये आला. उंच, पायात मोठ्या भावाचे बूट. एका दुपारी मी त्याला कविता म्हणायला उभं केलं. त्याचे स्वर लांबत, आपल्याला ओळखीचे शब्द तो दुसऱ्याच वाटेनं घेऊन येई. वर्ग हसेल असं मला वाटलं होतं. कोणी हसलं नाही. खिडकीजवळचा एक मुलगा पेन्सिलला टोक करत होता, तोही थांबला. कविता संपली तरी कुणी पट्टी आपटेना. असा गप्प वर्ग मी आयुष्यभर मागितला होता. मी वाचून दाखवताना तो मला कधी मिळाला नाही.

ते मला सहन झालं नाही. एवढंच खरं आहे. त्याच संध्याकाळी ओळ केली, आणि फार छान जमली म्हणून घरी दोनदा म्हणून पाहिली. दुसऱ्या दिवशी वर्गाला शिकवली. पोरं वात्रट नव्हती गं, मी त्यांना वात्रट केलं, तालासुरात. दुसऱ्या बाकावरचा तुझा हेडमास्तर सगळ्यात मोठ्यानं म्हणत होता, आणि मी त्याची पाठ थोपटली.

तो मुलगा नऊ दिवस उभा राहिला. दहाव्या दिवशी आला नाही. महिन्यानं मी पटावरून त्याचं नाव काढलं. ओळ मात्र ठेवली, कारण ती काढली असती तर पुढच्या ओळीचं यमक लटकलं असतं. यमकासाठी पोरगा गाळणारा मास्तर, आणि फॉर्मसाठी पोरगी गाळणाऱ्याला नावं ठेवतो!

सोबत एक कागद जोडला आहे. ओळ माझी, ती मत्सरातून केली, कवितेशी तिचा संबंध नाही, असं त्यात लिहून खाली सही केली आहे. तो प्रार्थनेला वाच. हेडमास्तर नको म्हणेल. शाळेचं नाव खराब होईल म्हणेल. तर वर्गात वाच. शाळेच्या कचेरीतून पत्ता मिळवून एक प्रत परवाच्या टपालानं फरशीवाल्याकडे थेट पाठवली आहे, तुला न विचारता. तिनं मला माफ करावं असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. तिनं हात पुढे करायचा नाही, हे तिच्या बापानं सांगितलंच आहे. माझं नाव घेऊन तिनं वर्गात हवं ते म्हणावं, आणि पंचवीस तारखेच्या आत

फाटक वाजलं. या वेळी दूधवाला येत नाही. पाहून येतो.

परत बसलोय, दोन मिनिटांसाठी.

फाटकापाशी एक माणूस उभा आहे, गुडघ्यांवर पांढरे गोल. आत यायला तयार नाही. पुढे दारात अकरा वर्षांची मुलगी आहे, पाठीला दप्तर, हातात माझं पाकीट. पाकिटामागचा पत्ता वाचत दोघं दोन बस बदलून आली. मी आत ये म्हणालो तर तिनं नाही म्हणून मान हलवली. मग बोलली. बोलली गं ती! तसेच लांब स्वर. म्हणते, शाळेत उद्या जायचं की नाही ते ती नंतर ठरवणार आहे. आधी मी ती ओळ तिच्या तोंडावर म्हणून दाखवायची, एकट्यानं.

ती तिथंच उभी आहे. ठेका धरायला बाक नाही, मागं म्हणायला चाळीस पोरं नाहीत.

उठतो.