भागिरथी लॉन्सचं मॉडेल

५ जानेवारी २०२६, सोमवार
नवीन वर्ष पाचव्या दिवशी सुरू करतोय, कारण चार दिवस प्लॅनिंगमध्ये गेले. संकल्प एकच: यापुढं मॉडेलशिवाय कोडची एक ओळ नाही. आधी डायग्राम, मग सगळं. पीएचडीचं सहावं वर्ष. गाईड भारती मॅडम म्हणाल्या, सम्राट, लहान व्यवसायांत मॉडेलचा वापर हा तुझा विषय आहे आणि तू अजून एकाही व्यवसायात पाय ठेवलेला नाहीस. थिसिसला मेअखेर शेवटची मुदत.

पाय ठेवला. तिसगावच्या भागिरथी लॉन्सला बुकिंगचं सॉफ्टवेअर पाहिजे. पार्टनर काशिफ म्हणाला, एक्सेल शीट करू, दोन दिवसांचं काम. म्हणूनच आमची कंपनी पाच वर्षांनंतरही दोन माणसांची आहे.

माझं आणि दीपाचं लग्नही त्याच लॉन्सवर, १० मे. आम्ही मुहूर्त बघत नाही, रविवार बघतो. शिवाय दीपाचा भाऊ पंकज फौजेत, त्याची सुट्टी १४ मेला संपते. वडिलांनी लॉन्सचे मालक कारभारी नाना यांना फोन करून तारीख धरून ठेवलीय.

१२ जानेवारी, सोमवार
तिसगावला जाऊन आलो. लॉन्सचं सगळं कडूबाई बघतात. भिंतीवर एक कॅलेंडर. पेनानं लिहिलेलं ते पक्कं, म्हणजे ॲडव्हान्स आलेला. पेन्सिलीनं लिहिलेलं ते नुसतं शब्दावर धरलेलं. त्या तारखेला दुसरं कुणी आलं, की कडूबाई पेन्सिलवाल्याला फोन लावतात, घेता का सोडू?

मी विचारलं, त्यानं फोन नाही उचलला तर? म्हणाल्या, मग त्याच्या मेव्हण्याला लावते.

आता मेव्हणा मॉडेलमध्ये कसा बसवायचा? नानांना समजावलं, तारीख एक तर रिकामी असते, नाही तर पक्की. तिसरं काही नसतं. नाना म्हणाले, असती की सर, धरल्याली बी असती, निम्मी लग्नं त्याच्यावरच हायेत. मी नुसता हसलो. क्लायंटला स्वतःचा धंदा कळत नसतो हे वाचलं होतं, आज पाहिलं.

२८ जानेवारी, बुधवार
मॉडेलचं व्हर्जन ७. दोन चौकोन, चार बाण. काशिफ म्हणाला, तीन आठवड्यांत दोन चौकोन? त्याला बाणांमागचा विचार दिसत नाही.

दीपाचा फोन. ती श्रीगोंद्याला झेडपीच्या शाळेवर शिक्षिका आहे, त्यामुळे प्रश्न विचारायची सवय. लॉन्सचा ॲडव्हान्स दिलास का? म्हणालो, अगं, त्यांची सिस्टिमच मी बनवतोय, माझी तारीख कोण नेणार? उद्या देतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार
दीपाला आइस्क्रीम खायला नेलं. स्पेशल दिवस म्हणून लॅपटॉपही नेला. व्हर्जन १५ दाखवलं. ती म्हणाली, यात आपली तारीख कुठाय? सांगितलं, मॉडेलमध्ये अमुक एक तारीख नसते, तारीख ही कल्पना असते. तिनं तिचं आइस्क्रीम संपवलं, मग माझंही संपवलं. पटलं असावं.

ॲडव्हान्स: उद्या.

२ मार्च, सोमवार
ऐतिहासिक दिवस. मॉडेलवरून कोड आपोआप तयार झाला. चार हजार ओळी. चालत मात्र नाही. काशिफनं तो सगळा खोडून नव्यानं लिहायला घेतलाय. रिसर्च पेपरमध्ये याला किरकोळ मानवी सुधारणा म्हणेन.

१५ मार्च, रविवार, सकाळी ११
लॉन्सवर. आज उद्घाटन. नानांनी नारळ फोडला, लॅपटॉपवर पाणी. कडूबाईंनी पेनाच्या सगळ्या तारखा भरल्या आणि विचारलं, साहेब, पेन्सिलीच्या? म्हणालो, त्या मॉडेलमध्ये नाहीत, म्हणजे नाहीतच. म्हणाल्या, बघा बरं. बघितलंय की. दहा आठवडे तेच बघतोय. कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं आणि थिसिसच्या परिशिष्टासाठी ताब्यात घेतलं.

११.४०
पहिलं ऑनलाइन बुकिंग! सिस्टिम चालू करून बावीस मिनिटं झाली नाहीत तोवर! पाथर्डीचे आसाराम म्हणून कुणी गृहस्थ, मुलाचं लग्न, १० मे. ॲडव्हान्ससकट पक्की. एक फोन नाही, एक मेव्हणा नाही. मी उभं राहून टाळ्या वाजवल्या. स्क्रीनशॉट मॅडमना पाठवला. दीपालाही पाठवणार होतो, पण रेंज गेली.

१८ मार्च, बुधवार
मॅडमचं उत्तर: छान, आता प्रत्यक्ष वापराचा परिणाम काय झाला ते लिही. लिहितोच.

काशिफ तो स्क्रीनशॉट बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, तुझं लग्न कधी आहे रे? जिगरी मित्राच्या लग्नाची तारीख लक्षात राहत नाही, कमाल आहे. म्हणालो, १० मे. तो म्हणाला, मग आसारामच्या मुलाचं?

संध्याकाळी ७
तारीख गेली.

७.२०
तरीही इथं नोंदवून ठेवतो की सिस्टिममध्ये बग नाही. मॉडेलनुसार माझी तारीख रिकामीच होती.

१९ मार्च, गुरुवार
नानांना फोन केला. म्हणाले, पयलं कडूबाईनं तुमच्या वडलांना इचारलं असतं, आता त्या मोबाईलनं कुनालाच इचारलं न्हाई, पैसं घेतलं अन् मोकळा झाला. मग आसारामला विनंती केली. तो म्हणाला, १७ मेपासून अधिक महिना, त्याआधी आम्हाला दुसरा मुहूर्त नाही आणि असला तरी कार्यालय नाही. लोकांमध्ये लवचिकपणा म्हणून राहिलेला नाही.

दीपाला आजच सांगणार होतो. पण आज पाडवा. सणाच्या दिवशी वाईट बातमी कशाला? आम्ही पाडवा करत नाही, पण शेजारी करतात.

२४ मार्च, मंगळवार
सांगितलं नाही. तिच्या शाळेत तपासणी आहे. शिवाय नुसता प्रॉब्लेम घेऊन जाणं इंजिनिअरला शोभत नाही, सोल्युशनसकट जायचं. व्हर्जन २४: धरलेली तारीख हा तिसरा चौकोन. मूळ कल्पना माझी. काशिफ म्हणाला, हे नाना जानेवारीतच बोलले होते. नाना नुसते बोलले होते, मी त्याला शास्त्रीय रूप दिलं.

माझं लग्न पेपरमध्ये एज केस, म्हणजे क्वचित घडणारा अपवाद, म्हणून घातलंय.

५ एप्रिल, रविवार
दीपाचा फोन. पत्रिका छापायला टाकायच्यात, पाचशे का सहाशे? सांगायची हीच वेळ होती. म्हणालो, सहाशे.

घाबरलोय. कुठंतरी कबूल केलं पाहिजे म्हणून इथं लिहितो. वडिलांनाही सांगितलेलं नाही. ते भिंगारात भेटेल त्याला लॉन्सवर यायचा रस्ता समजावून सांगतात, करंजी घाट उतरला की डाव्या हाताला वगैरे.

१४ एप्रिल, मंगळवार
जयंती. दीपा नगरला मिरवणुकीला येणार होती, तिथंच सांगायचं ठरवलं. आली. पांढरी साडी, फार छान दिसत होती. आणि मी सांगितलंही, अगदी स्पष्ट. पण डीजेपुढं तिला काही ऐकू गेलं नाही. तिनं मान हलवली आणि हसली. तांत्रिकदृष्ट्या मी तिला सांगितलेलं आहे.

१६ एप्रिल, गुरुवार
दीपा ऑफिसला आली. हातात पत्रिका, पण आमची नाही. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आसारामच्या बहीण निघाल्या. भाच्याचं लग्न, १० मे, भागिरथी लॉन्स, सर्व स्टाफला आग्रहाचं निमंत्रण. काशिफ चहा सांगून येतो म्हणून गेला तो परत आलाच नाही.

तिनं एवढंच विचारलं, तुला कधीपासून माहितीय? मी मोजले. एकोणतीस दिवस. लगेच लॅपटॉप उघडला, कारण व्हर्जन ३१ मध्ये आता मेव्हणासुद्धा आहे. तिनं तो हळूच मिटला.

म्हणाली, तारखेचं काही नाही रे. त्याच दिवशी सांगितलं असतंस तर आमच्या विहारात केलं असतं, पन्नास माणसांत, मला तेही चाललं असतं. पण एकोणतीस दिवस मी तुझ्याशी रोज बोलत होते. साड्यांचं बोलत होते.

पंकजला तिनं सुट्टी पुढं ढकलायला सांगितलंय. त्याला आता डिसेंबरात मिळेल. मी विचारलं, म्हणजे डिसेंबरात नक्की ना? ती म्हणाली, डिसेंबरचं डिसेंबरात बघू. आणि एसटीनं गेली. सोडायला येतो म्हणालो तर नको म्हणाली.

संध्याकाळी वडिलांना सांगितलं. ते उठून फिरायला गेले. सहाशे पत्रिका माझ्या गाडीच्या डिकीत आहेत.

३० एप्रिल, गुरुवार
थिसिसचं शेवटचं प्रकरण पूर्ण. बुकिंग एक्केचाळीस, कॉन्फ्लिक्ट शून्य. मॅडम म्हणाल्या, निकाल चांगला आहे, पण एकतर्फी वाटतो. मॉडेलमुळं एखाद्या युजरचं नुकसान झालं असेल तर त्याची मुलाखत घाल. म्हणालो, युजर सध्या बोलायच्या मनःस्थितीत नाही.

दीपाला तीन मेसेज केले. तिन्ही वाचलेत.

१० मे, रविवार, दुपारी ३
भागिरथी लॉन्स. सपोर्टसाठी आलोय. पहिल्याच ऑनलाइन बुकिंगचं लग्न, डेव्हलपर हजर पाहिजे. नानांनी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना.

सिस्टिम उत्तम चालली. लग्न वेळेवर लागलं. कडूबाईंनी मला हाताला धरून जेवायला बसवलं आणि स्वतः वाढलं. दुसऱ्यांदा भात घेतला तेवढ्यात मागं उभ्या असलेल्या एका फेटेवाल्या आजोबांनी विचारलं, पाव्हनं, मुलीकडचं का मुलाकडचं?

म्हणालो, सॉफ्टवेअरकडचा.

आजोबांनी थोडा विचार केला. म्हणाले, मग आवरा जरा, घरची मान्सं जेवायची राह्यलीत.

उठलो.